तिसऱ्या दालनाचं नाव

पेंटरने टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पाटीवरून फिरवलं आणि ‘संक्रमण काळ’ ही ताजी अक्षरं बघता बघता निळसर ओघळ होऊन खाली आली. सकाळपासून पुसलेलं हे तिसरं नाव.

“मॅडम, माझं काही म्हणणं नाही,” तो शिडीवरूनच म्हणाला. “पुसायचे पैसे वेगळे लावत नाही मी. पण असंच चाललं तर पाटीच झिजायची.”

“आता शेवटचं.”

“हे तुम्ही ‘अंधुक काळ’ पुसायला लावलात तेव्हाही म्हणालात.”

संग्रहालयाची संग्रहपाल म्हणून तिने एव्हाना शेकडो वस्तूंना नावं दिली होती, आणि तीही फारसं न अडखळता. मडकं म्हणजे मडकं, वरवंटा म्हणजे वरवंटा. उद्या सकाळी नव्याने मांडलेल्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं. चार दालनं, गावाच्या इतिहासाचे चार काळ. ‘पहिली वस्ती’, ‘भरभराटीचा काळ’ आणि ‘दुसरी वस्ती’ या तीन पाट्या आपापल्या दारांवर सुकत होत्या. तिसऱ्या दालनाची पाटी मात्र कोरी होती.

संक्रमण काळ हे नाव तिनेच सुचवलं होतं, आणि ते पाटीवर उतरताच तिला स्वतःची लाज वाटली होती. इतिहासाच्या धंद्यात ज्याला धड काही बोलायचं नसतं तो संक्रमण काळ म्हणतो. शिक्षण संपून घरी बसलेल्या मुलाला ‘सध्या काय?’ म्हणून विचारावं आणि त्याने ‘बघतोय’ म्हणावं, तसलाच तो प्रकार. अंधुक काळ त्याहून वाईट. त्यात दोष आपल्या डोळ्यांचा आणि नाव मात्र त्या लोकांच्या काळाला.

आणि सगळ्यात आधी पुसलेलं नाव होतं ‘ओसाड काळ’. ते पेंटरने कोणी न सांगताच लिहून टाकलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो शाळेत हेच शिकला होता, त्याची मुलंही हेच शिकत होती. मोठ्या पुराने गाव बुडालं, माणसं परागंदा झाली आणि पुढे शंभरेक वर्षं इथे कुत्रंही फिरकलं नाही. तो ओसाड काळ. गावात हे नाव इतकं मुरलं होतं की गिऱ्हाईक नसलं की न्हावी वर्तमानपत्र उघडून म्हणायचा, “सध्या आपला ओसाड काळ चालू आहे.”

हे नाव देणारा माणूस म्हणजे या संग्रहालयाचा पहिला प्रमुख, गावाच्या इतिहासावरच्या एकमेव पुस्तकाचा लेखक, तिचा शिक्षक. तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण पुढे तिने त्याच्याच मुलाशी लग्न केलं, त्यामुळे तो तिचा सासराही होता. कॉलेजात सर, घरात बाबा. लग्नानंतर कितीतरी दिवस जेवताना तिच्या तोंडून “सर, आणखी वाढू?” असं निघून जायचं आणि सासूबाई हसून हसून बेजार व्हायच्या.

बाबांना काळ पाडायची खोडच होती. ती पुस्तकापुरती राहिली नव्हती. घराच्या इतिहासाचेही त्यांनी रीतसर भाग पाडले होते: गच्ची गळण्याचा काळ, दाढदुखीचा काळ, चिरंजीव काय करावं हे ठरवत होते तो दीर्घ संभ्रमकाळ. ती घरात आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की यापुढे घराचा इतिहास सूनपूर्व आणि सूनोत्तर असा वाचावा. सासूबाई म्हणाल्या, “आणि मी कुठल्या काळात?” बाबा म्हणाले, “तू भूगोल.” तिला त्या घरात रुळायला जो काही वेळ लागला असता, तो या एका गोष्टीने निम्मा झाला.

अशा माणसाला आता सांगायचं होतं की तुम्ही पाडलेला एक काळ खोटा निघाला.

सरांनी तरुणपणी उत्खनन केलं ते नदीकाठच्या मैदानात. दुसरीकडे कुठे करणार? बाकी सगळीकडे लोकांची घरं, दुकानं, परसदारं, आणि आपल्या परसात खड्डा पाडायला ‘या, खोदा’ असं कोण म्हणतं? मैदान नगरपालिकेचं होतं; तिथे फक्त फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची समजूत घालावी लागली. खाली भरभराटीच्या काळातली दाट वस्ती निघाली. भिंतीला भिंत लागलेली घरं, चुली, रांजण, अरुंद गल्ल्या. तिच्यावर पुराचा गाळ. गाळावर मातीचा चांगला जाड थर, आणि त्यात माणसाच्या हातची एक खापरीसुद्धा नाही. त्याच्याही वर, पुष्कळ नंतरची, पुन्हा घरं. जे दिसलं तेच सरांनी लिहिलं.

मागच्या वर्षी बस डेपो गावाबाहेर हलला आणि टेकाडावरची त्याची जागा थोड्या दिवसांसाठी तिच्या हाती आली. बसगाड्या धुवायच्या ओट्याखाली तिने खड्डा घेतला आणि घरं लागली. नेमकी त्याच शंभर वर्षांतली, जेव्हा गावात कुत्रंही फिरकत नव्हतं. पूर येऊन गेल्यावर माणसं शहाणी झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. ती खालचं सगळं सोडून वर येऊन राहिली होती आणि मैदानाच्या बाजूला त्यांनी मुद्दाम काही बांधलं नव्हतं. सर आपल्या खड्ड्याबद्दल अगदी बरोबर होते. गावाबद्दल नव्हते.

पहिलं घर लागलं त्या दिवशी आनंदाने तिचा पाय खड्ड्यातून निघत नव्हता आणि संध्याकाळी घराच्या फाटकाशी तो वेगळ्याच कारणाने अडला. पण सांगायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अंथरूण आलं. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. ते एक वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं.

“काय गं, डेपोखाली काय निघतंय?” बाबा अंथरुणातून विचारायचे.

“खापऱ्या निघताहेत.”

“कुठल्या काळच्या?”

“अजून धुतल्या नाहीत.”

इतके महिने खापऱ्या न धुणाऱ्या विद्यार्थ्याला सरांनी एरवी वर्गाबाहेर काढलं असतं. पण वेदनाशामक गोळ्यांनी त्यांना ग्लानी असायची, आणि तिने त्या ग्लानीचा फायदा घेतला. खोदकामावरच्या मंडळींनाही तिने उद्घाटनापर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं. सासूबाईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. निदान बाबांपासून तरी नाही.

नवऱ्याला तेवढं माहीत होतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं हा त्याचा व्यवसाय असला तरी स्वतः तो अवघड गोष्टींकडे कानाडोळा करण्यात वाकबगार होता.

“तूच सांग ना त्यांना,” ती एकदा म्हणाली होती.

“मी? मला इतिहासातलं काय कळतं?”

“वडील तुझे आहेत.”

“सर तुझे आहेत,” तो म्हणाला आणि त्याने काखा वर केल्या.

आता बाबा काठीवर चालू लागले होते. उद्याच्या गर्दीत त्या पायाला धक्का नको, म्हणून आज दुपारीच एकट्याने संग्रहालय बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ते बघून झाल्यावर उद्या पाहुण्यांसमोर येतील की नाही, तिला सांगता येत नव्हतं. आणि घरी जेवायला बसल्यावर आपल्याशी बोलतील की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा होता. ब्रश कसा धरायचा हे तिला त्यांनी शिकवलं होतं. खापरीवरची माती फुंकायची नाही, वाट बघायची, सुकली की ती आपणहून सुटते, हेही.

“मॅडम,” पेंटर म्हणाला, “तुमचे सर आले.”

खिडकीतून तिने पाहिलं. नवऱ्याने गाडी दाराशी उभी केली होती. वडिलांना उतरवून, काठी हातात देऊन, वर खिडकीकडे बघून त्याने हात हलवला. “मी गाडी लावून येतो,” तो ओरडला. समोर अख्खा रस्ता रिकामा होता. तरीही तो गाडी घेऊन जो वळला तो दिसेनासा झाला.

ती खाली धावली.

“सूनबाई,” बाबा पायऱ्यांकडे बघत म्हणाले, “पायऱ्या तेवढ्याच आहेत ना? की नव्या मांडणीत वाढवल्यात?”

“तेवढ्याच आहेत, सर. बाबा.”

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

पहिलं दालन त्यांनी सावकाश बघितलं. दगडी हत्यारांसमोर ते थांबले, काचेवर बोट ठेवून एक पातं जरासं तिरकं लागलं आहे असं म्हणाले, आणि ते खरोखरच तिरकं होतं. दुसऱ्या दालनात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मैदानात, ते रमले. हा रांजण सापडला तेव्हा पाऊस कसा आला, फुटबॉलवाल्या पोरांनी तो डोक्यावर धरून कसा पळवला आणि त्यातला एक पुढे नगराध्यक्ष कसा झाला, हे सगळं तिने पूर्वी ऐकलेलं होतं. एरवी ती मधेच “आणि रांजणापेक्षा तोच जास्त पोकळ निघाला” हे त्यांचं वाक्य त्यांच्याआधी म्हणायची. आज ते वाक्य त्यांना एकट्यानेच म्हणावं लागलं.

“बरं नाही का तुला?”

“बरी आहे.”

“मग चल पुढे.”

तिसऱ्या दालनाच्या दारात ते थांबले. मान वर करून त्यांनी कोऱ्या पाटीकडे पाहिलं, मग शिडीवर बसलेल्या पेंटरकडे.

“इथलं काय झालं?”

“मॅडमचं ठरेना,” पेंटर म्हणाला आणि ब्रश पुसण्यात एकदम गढून गेला.

तिने कितीतरी दिवस एक भाषण तयार केलं होतं. त्यात ‘नव्या पुराव्याच्या आधारे’ होतं, ‘तुम्हीच घालून दिलेल्या पद्धतीने’ होतं. ते सगळं नेमकं आता डोक्यातून पुसून गेलं. तिने फक्त दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.

दालनात समोरच्या भिंतीवर, छतापासून खालपर्यंत, डेपोखालच्या खड्ड्याची एक बाजू लावलेली होती. मातीवर चिकट कापड बसवून उभा पापुद्रा जसाच्या तसा उचलायचा आणि भिंतीवर लावायचा, अशी रीत असते. सगळे थर आपापल्या जागी, एकावर एक. शेजारी माहितीचा फलक होता. बाबांनी फलकाकडे ढुंकून पाहिलं नाही. आयुष्यभर मातीच वाचलेला माणूस. ते थेट भिंतीपाशी गेले, काठी डाव्या हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लागेल इतके जवळ झाले.

खाली पुराचा गाळ होता. तो त्यांनी लगेच ओळखला. जुनी ओळख होती. त्यांचं बोट गाळावरून वर सरकलं आणि थबकलं. तिथे एक बारीक, पिवळसर रेघ होती. तिच्यावर दुसरी. मग आणखी एक. घराची जमीन होती ती, चिकणमातीने लिंपलेली. खराब झाली की वरून पुन्हा लिंपलेली, पुन्हा, पुन्हा, पापुद्र्यावर पापुद्रा. बाबा प्रत्येक रेघेवर नख टेकवत वर वर जात होते. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. एका जागी काळा डाग होता, चुलीचा. तिथे ते जरा जास्त थांबले.

ती त्यांच्या मागे उभी होती. पेंटरनेही ब्रश पुसायचं थांबवलं होतं.

“कुठून काढलंस?” वळून न बघता त्यांनी विचारलं.

“डेपोखालून. धुवायचा ओटा होता तिथून.”

“टेकाडावरून.”

“हो.”

ते वळले. दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत एक सुरई होती, अर्धी जोडलेली. बाबा तिच्याभोवती फिरले आणि वाकले. सुरईचा कान, म्हणजे धरायची मूठ, जिथे अंगाला मिळतो तिथे अंगठ्याने दाबलेला खळगा होता. मैदानातल्या झाडून सगळ्या भांड्यांना तो तसाच होता. इथल्या कुंभारांची ती सवयच असावी. दुसऱ्या कुठल्या गावची भांडी घ्या, तिथे तो नसतो. हे सरांनीच शोधलं होतं.

“अंगठा तोच आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मला एक खुर्ची दे.”

तिचं धाबं दणाणलं. पेंटर शिडीवरून उतरून धावत गेला आणि बाहेरच्या पहारेकऱ्याचं स्टूल घेऊन आला. बाबा बसले. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरून तिच्यावर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले. चेहरा उतरला आहे की काय हे तिला कळेना, कारण ते खाली बघत होते.

“सर,” ती म्हणाली, “मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पायाचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मी घाबरले. पुस्तकाला यामुळे काही कमीपणा येत नाही. तुम्ही जिथे खोदलं तिथे खरंच काही नव्हतं. मी फलकावर तसं लिहिलंय, तुम्ही वाचा हवं तर. पाटीवर तुमचंच नाव ठेवायचं असलं तरी...”

“मुलांचं काही मिळालं का?”

ती बोलता बोलता थांबली.

“काय?”

“लहान मुलांचं. खेळणी बिळणी.”

तिने कोपऱ्यातल्या पेटीचं कुलूप उघडलं. आतून मुठीत मावेल एवढा मातीचा पक्षी काढला. शेपटीत भोक होतं, पोटात भोक होतं. फुंकलं तर वाजेल अशी शिट्टी. ती चुलीजवळच सापडली होती. पक्ष्याची चोच झिजून गुळगुळीत झाली होती, बहुधा कोणीतरी चोखून. वस्तू पेटीबाहेर काढून कुणाच्या हातात द्यायची नाही हा नियमही सरांचाच. तिने तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, पायांत दिवसभर घट्ट बूट असावेत आणि घरी येऊन ते काढावेत तसा.

“म्हणजे वाहून नाही गेली,” ते म्हणाले.

“कोण?”

“अगं, माणसं.” त्यांनी दुसऱ्या दालनाकडे हात केला. “ती. मी त्यांच्या चुली मोजल्यात. एका घरात उंबऱ्याशी लहान मुलाचं पाऊल उठलं होतं ओल्या मातीत, तुला दाखवलंय मी. गल्लीत समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल इतकी दाटी. आणि त्यावर गाळ, आणि गाळावर काही नाही. मी लिहिलं ओसाड. लिहायला काय लागतं? एक शब्द. पण एवढी माणसं गेली कुठे?”

त्यांचा हात परत काठीवर आला.

“खालच्या अंगाला नदीकाठी जिथे जिथे कोणी खड्डा घेतला, तिथे तिथे मी गेलो. तुम्हा पोरांना घेऊन जायचो ते आठवतं? लोकांना वाटायचं, किती अभ्यासू माणूस, कुठे कुठे जातो. मी आपला भांड्यांचे कान बघायचो. कुठल्या तरी भांड्याला हा अंगठा दिसेल, कुठे तरी जाऊन वसली असतील. कुठेच नाही. मग मी मनाशी धरूनच चाललो की पुरात गेली. मुलंबाळं, सगळी.” त्यांनी पक्ष्याची चोच अंगठ्याने पुसली. “आणि ही बसलीत वर टेकाडावर. जमीन लिंपताहेत. आणि मी रोज त्याच डेपोतून बस पकडून कॉलेजला जातोय.”

ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते चांगलेच हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कपाळावरचा चष्मा काढून त्यांनी तो तिच्याकडे दिला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. तिच्या जिवात जीव आला. इतके महिने छातीवर ठेवून हिंडलेली काळजी एका क्षणात उतरली. ती सरळ खाली फरशीवर बसली, त्यांच्या स्टुलाशेजारी.

“तुम्ही माझ्यापाशी कधी बोलला नाहीत हे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं.”

“विद्यार्थ्यांसमोर असलं बोलायचं नसतं. पुरावा काय, म्हणून विचारतात.”

“मग कोणासमोर बोलायचं?”

“बायकोसमोर.” त्यांनी नाक ओढलं. “लग्न झाल्यापासून ऐकतेय बिचारी.”

पेंटर दारात उभा होता. त्याने दोनदा खाकरून पाहिलं.

“सर, तुमचं झालं असेल तर... म्हणजे, पाटीवर काय लिहू?”

तिने बाबांकडे पाहिलं. “तुम्ही सांगा.”

“मी नाही,” बाबा म्हणाले. “माझ्या हातून एकदा झालंय तेवढं पुरे. खड्डा तुझा, नाव तू दे.”

“काही सुचत नाहीये. सकाळपासून तीन पुसली.”

“काय काय पुसलंस?”

तिने सांगितलं. संक्रमण काळ ऐकून त्यांनी असं तोंड केलं की पेंटरला हसू आवरेना.

“त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?” ते म्हणाले. “तुमचा कुठला काळ चाललाय म्हणून?”

“त्यांना कुठला काळ? त्यांचं आपलं रोजचं चाललं होतं. घर कुठेय विचारलं असतं तर वर बोट दाखवलं असतं फार तर.”

“मग?”

ती भिंतीवरच्या त्या पिवळ्या रेघांकडे बघत राहिली. मग पेंटरकडे वळून म्हणाली, “लिहा. वरच्या घरांचा काळ.”

“नक्की?”

“नक्की.”

पेंटरने बाबांकडे पाहिलं. बाबांनी शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिले आणि मान हलवली. “अक्षर मात्र बाकीच्या पाट्यांएवढंच काढ,” ते म्हणाले. “मघाशी बघितलं, ‘भरभराटीचा’मधला भ पोटात फुगलाय तुझा.”

“भरभराटीतला आहे साहेब, फुगणारच,” पेंटर म्हणाला आणि शिडी चढला. या वेळी त्याने खडूने रेघासुद्धा आखल्या नाहीत.

खाली गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. नवरा एकदाचा परत आला होता. तो वर न येता दाराशीच घुटमळत असणार, आरडाओरडा ऐकू येतो का याचा अंदाज घेत, हे तिला न बघताही दिसत होतं. येऊ दे हळूहळू, तिने मनात म्हटलं. जरा घाम फुटू दे त्यालाही.

बाबांनी पक्षी तिच्या हाती परत दिला. ती तो पेटीत ठेवून कुलूप लावते आहे की नाही इकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्पीकर लावून फोन तोंडासमोर आरशासारखा धरत. घरातल्या कुणाचंही काही गुपित राहायचं नाही त्यामुळे. पलीकडे घंटी वाजली, फोन उचलला गेला. मागे नळ सुरू होता, भांडी घासली जात होती.

“गोळी घेतलीत का दुपारची?” सासूबाईंनी विचारलं.

“अगं, ऐक ना.”

“आधी गोळीचं सांगा.”

“सापडले,” बाबा म्हणाले.

पलीकडचा नळ बंद झाला. कोण सापडले, काय सापडले, काहीच विचारणं नाही.

“सगळे?” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी फोन तसाच धरून सुनेकडे पाहिलं. ओट्याखाली निघालेली घरं मैदानातल्या घरांच्या निम्मीही नव्हती. राहिलेल्या जागेत डेपोच्या डिझेलच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या होत्या आणि तिथे खोदायची परवानगी तिला मिळालीच नव्हती. आता तिथे बाजाराची इमारत उठायची होती. पुराव्याबाहेर एक शब्द लिहायचा नाही हे जिला त्यांनी शिकवलं, तिच्या तोंडाकडे ते डोळे लावून बसले होते.

तिने होय म्हणून मान हलवली.

“हो गं,” बाबा फोनमध्ये म्हणाले. “सगळे.”